धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या खडकाचं काय होतं

बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि दोन मीटर जाड. काँक्रीटच्या एवढ्या स्लॅबचं वजन सातशे टनांच्या घरात जातं. मेक्सिकोतल्या मालपासो धरणाच्या सांडव्याखाली असे स्लॅब टाकले होते, सळयांनी खालच्या खडकाला जखडलेले. १९७०च्या सुमारास सांडव्यातून पाणी सोडलं, तेव्हा त्यातले काही चक्क उखडून निघाले. आणि पूर काही फार मोठा नव्हता. सांडवा जेवढ्या पाण्यासाठी बांधला होता, त्याच्या निम्म्यानेही पाणी वाहत नव्हतं.

पाण्याने सातशे टनांचा स्लॅब कसा उचलला, हे एकदा कळलं की सांडव्याखालची नदी सांभाळण्याची अर्धी विद्या कळली, असं माझं मत आहे. कारण धूप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घासण्याचं चित्र येतं. वर्षानुवर्षं पाणी वाहतं, दगड झिजतो, गुळगुळीत होतो. नदीकाठचे गोटे बघून ते पटतंही. सांडव्याच्या पायथ्याशी मात्र झीज हा किरकोळ मामला आहे. तिथे खडक सुटतो तो ढेकळासारखा. फटीत पाणी शिरतं, खालून रेटतं, आणि ढेकूळ जागेवरून वर येतं. एका पावसाळ्यात, कधी एका आठवड्यात.

आधी पाण्याच्या अंगात किती जोर असतो ते बघू. ५० मीटर उंचीवरून घसरत आलेलं पाणी पायथ्याशी पोचतं तेव्हा, घर्षण सोडून दिलं तर, त्याचा वेग सेकंदाला ३१ मीटर असतो. म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या वर. धरण १०० मीटरचं असेल तर ताशी १६०च्या आसपास. आता सेकंदाला १,००० घनमीटर पाणी सोडलं आहे असं धरू, म्हणजे साधारण ३५,३०० क्युसेक. मोठ्या नदीच्या मानाने हा काही महापूर नव्हे. तरी ५० मीटरवरून येणारं एवढं पाणी ४९० मेगावॅट शक्ती घेऊन खाली उतरतं. औष्णिक वीजकेंद्रातल्या एका मोठ्या संचाइतकी ही शक्ती, आणि ती जिरवायला जागा मिळते फुटबॉलच्या एखाद्या मैदानाएवढी.

धरण नव्हतं तेव्हाही नदी हीच उंची उतरत होती. पण ती कित्येक किलोमीटर घेऊन, वळणं घेत, धोंड्यांवर आपटत, जागोजागी थोडी थोडी ऊर्जा उधळत. धरणाने तो सगळा उतार गोळा करून एका पायरीत आणून ठेवला.

ही ऊर्जा नाहीशी करता येत नाही, तिची उष्णता करायची असते. गंमत म्हणजे सगळीच्या सगळी ऊर्जा उष्णतेत गेली, तरी ५० मीटर उतरलेलं पाणी जेमतेम ०.१२ अंश सेल्सिअसने तापतं. ज्या जोराने काँक्रीट उखडतं, तो पाण्यातल्या पाण्यात जिरवला तर थर्मामीटरलाही धड कळणार नाही. म्हणून धरणाखालच्या सगळ्या बांधकामाचा हेतू एकच असतो: पाण्याची मारामारी खडकाशी न होता पाण्याशीच व्हावी.

सिंकमधली कडा

ही मारामारी कशी दिसते, ते बघायला धरणावर जायची गरज नाही. सपाट तळाच्या सिंकमध्ये नळ सोडा. धार जिथे पडते तिथून पाणी चहूबाजूंना पातळ, काचेसारखं पसरतं. मग चार-सहा बोटं अंतरावर एक गोल कडा दिसते, आणि तिच्या पलीकडे पाणी एकदम जाड आणि सावकाश झालेलं असतं. आता बोटाचं टोक कडेच्या आतल्या पातळ पाण्यात टेकवा. बोटामागे नांगरल्यासारखी रेघ उमटते, पण बोटाच्या पुढे काही हलत नाही. पाणी इतकं जोरात आहे की कुठलीही लाट उलटी वर चढू शकत नाही. कडेच्या बाहेर बोट टेकवा, तरंग सगळीकडे पसरतात, प्रवाहाच्या उलटेसुद्धा.

ही कडा म्हणजे हायड्रॉलिक जंप. मी त्याला साधं ‘उसळी’ म्हणेन. (सिंकमधल्या उसळीत पृष्ठताणाचाही हात असतो, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये.) वेगाने येणारं उथळ पाणी पुढच्या संथ, खोल पाण्यात घुसतं, गडबडतं, स्वतःवरच उलटून पडतं, पांढरं फेसाळतं, आणि पलीकडे निघतं ते शांत होऊन.

किती शांत? एक उदाहरण घेऊ. सांडव्याच्या प्रत्येक मीटर रुंदीतून सेकंदाला २० घनमीटर पाणी येतंय, वेग सेकंदाला २५ मीटर. म्हणजे पायथ्याशी पाण्याची जाडी फक्त ०.८ मीटर, जेमतेम मांडीपर्यंत. उसळीनंतर हीच जाडी होते सुमारे ९.७ मीटर आणि वेग उतरतो सेकंदाला २ मीटरवर. ताशी ९० किलोमीटरने आलेलं पाणी धावणाऱ्या माणसापेक्षाही हळू चालायला लागतं. त्याच्या एकूण ऊर्जेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास त्या फेसातच संपलेली असते. लांबी लागते जाडीच्या सहापट, म्हणजे साठेक मीटर.

या साठ मीटरांत नदीचा उघडा तळ ठेवता येत नाही. म्हणून तिथे काँक्रीटचं कुंड बांधतात, ज्याला स्टिलिंग बेसिन म्हणतात. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रिक्लमेशनने, म्हणजे तिथल्या धरणं बांधणाऱ्या सरकारी खात्याने, १९५०च्या दशकात या कुंडांवर भरपूर प्रयोग करून त्यांचे काही ठरावीक नमुने तयार केले, आणि जगभर आजही डिझाइनची सुरुवात त्यांच्यापासूनच होते. कुंडाच्या तोंडाशी दातांसारखे ठोकळे बसवून धारेचे पट्टे पाडायचे, शेवटी दातेरी उंबरा ठेवायचा, मध्ये अडथळ्याचे ठोकळे उभे करायचे, अशा युक्त्यांनी उसळी आखूड होते आणि काँक्रीट वाचतं. आपल्या उदाहरणात मधले ठोकळे टाकले असते तर साठ मीटरचं कुंड तिशीच्या आत आलं असतं. पण ते टाकता येत नाहीत. सेकंदाला १८ मीटरच्या वर वेग गेला की ठोकळ्याच्या मागे दाब इतका घसरतो की तिथे पाण्याच्या वाफेचे बुडबुडे होतात. ते पुढे जाऊन फुटतात आणि फुटताना काँक्रीटला टोचे मारतात. त्यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. ज्याला आपण रखवालदार म्हणून उभं केलं, तोच आधी पोखरला जातो. तेव्हा जिथे वेग जास्त तिथे फक्त तोंडाचे दात आणि शेवटचा उंबरा, आणि कुंड चाळीसेक मीटरचं.

इथे एक उलटी गोष्ट सांगायला हवी. धरण ठेंगणं असेल तर काम सोपं, असं वाटतं. तसं नाही. उतार कमी आणि पाणी जाड असलं की उसळी धड बसतच नाही. ती मागे-पुढे डोलत राहते, आणि कुंडातून सुटलेल्या लाटा खाली दूरवर दोन्ही काठ खात जातात. बंधाऱ्यांखालचे काठ ढासळण्यामागे पुष्कळदा हेच असतं.

उसळीला बसायला जागा लागते

उसळी आपल्या मर्जीने बसत नाही. पुढे तितकं खोल पाणी उभं असेल तरच ती बसते. वरच्या उदाहरणात ९.७ मीटर पाणी लागत होतं. धरणाखाली नदीत उभ्या असलेल्या या पाण्याला टेलवॉटर म्हणतात. टेलवॉटर सहाच मीटर असेल तर उसळीला टेकायला काही नसतं. ती कुंडातून सरकत पुढे जाते आणि कुंडाबाहेर, उघड्या तळावर जाऊन बसते. कोट्यवधींचं काँक्रीट मागे बिनकामाचं आणि मारामारी भलतीकडेच. उलट टेलवॉटर चौदा मीटर असेल तर उसळी बुडते. वरून सगळं शांत दिसतं, पण धार तशीच तळाला चिकटून लांबवर पळत राहते. मला विचाराल तर हा जास्त फसवा प्रकार आहे, कारण काठावरून बघणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही.

म्हणून कुंडाचा तळ कुठल्या पातळीवर ठेवायचा, हा डिझाइनमधला कळीचा प्रश्न असतो. तोही एका पुरासाठी सोडवून भागत नाही. छोट्या विसर्गापासून सगळ्यात मोठ्या पुरापर्यंत, प्रत्येक वेळी लागणारी खोली आणि मिळणारी खोली यांचे दोन आलेख एकमेकांशेजारी धरून बघावे लागतात. ते क्वचितच जुळतात. मग कुठे कुंड खाली खणायचं, कुठे तळाला उतार द्यायचा, कुठे पुढे छोटा बंधारा घालून पाणी अडवायचं, असं काहीतरी जमवून घ्यावं लागतं.

आणि ही सगळी गणितं झाल्यावर नदी स्वतःच बदलते. धरणामागे गाळ अडतो. खाली जाणारं पाणी नितळ असतं, आणि नितळ पाण्याला भूक असते. गाळाचं ओझं नसल्यामुळे ते खालच्या तळातली वाळू, खडी उचलायला लागतं. हूव्हर धरणानंतर कोलोरॅडो नदीचा तळ खालच्या अंगाला काही मीटरने खचला. तळ खचला की टेलवॉटरची पातळीही खाली येते. म्हणजे ज्या पाण्याच्या भरवशावर कुंड बांधलं, ते पाणीच दहा-वीस वर्षांत निघून जातं. काँक्रीटला एक तडा नाही, आणि तरी कुंड निकामी. याची तरतूद सुरुवातीलाच करावी लागते: कुंडाचा तळ थोडा जास्त खाली, आणि शेवटच्या उंबऱ्याखाली खोलवर उतरवलेली भिंत, म्हणजे खालून खचत येणारी घळ कुंडाच्या पोटाशी पोचायच्या आत अडेल.

सातशे टन कसे उचलले गेले

आता मालपासोकडे वळू. दोन मीटर जाडीचा स्लॅब पाण्यात बुडलेला आहे. काँक्रीट पाण्याच्या साधारण २.४ पट जड असतं. त्यातला एक भाग पाण्याची उत्प्लावकता खाते, उरले १.४. म्हणजे सळया बाजूला ठेवल्या तर हा स्लॅब उचलायला खालून जादा दाब किती लागतो? फक्त २.८ मीटर उंचीच्या पाण्याइतका. आणि सेकंदाला २५ मीटर वेगाने जाणाऱ्या पाण्यापुढे काही आडवं आलं, तर ते थांबताना दाब होतो सुमारे ३२ मीटर पाण्याइतका. त्यातला दहावा हिस्सा जरी स्लॅबच्या पोटाखाली पोचला, तरी सातशे टन तरंगायला लागले. वजन बघून आपण घाबरतो. पण पाण्याच्या हिशोबात वजन दर चौरस मीटरला किती, एवढाच प्रश्न असतो. स्लॅब कितीही लांबरुंद केला तरी त्या आकड्यात फरक पडत नाही. लांबरुंद करण्याचा फायदा एवढाच की दाबाचे झटके सगळीकडे एकाच वेळी बसत नाहीत.

हा दाब आत शिरतो सांध्यातून. दोन स्लॅबच्या मध्ये फट असते, रबरी पट्टीने बुजवलेली. समजा पुढचा स्लॅब मागच्यापेक्षा काही मिलिमीटर वर राहिला, किंवा हिवाळ्या-उन्हाळ्यात हलून वर आला. तळाशी पळणारं पाणी त्या बारीकशा कडेवर आपटतं, थांबतं, आणि थांबलेल्या पाण्याचा दाब फटीतून खाली उतरतो. एकदा खाली गेला की तो स्लॅबच्या पोटाखाली झपाट्याने सगळीकडे पसरतो. वर मात्र उसळीतला दाब क्षणाक्षणाला वरखाली होत असतो. वरचा दाब पडलेला आणि खालचा चढलेला, असा क्षण आला की स्लॅबला खालून एक धक्का. तो छोटा असतो. पण पूर दिवसभर चालतो, आणि धक्के सेकंदागणिक बसतात. सळ्यांची पकड ढिली होते, फट रुंदावते, पुढचा धक्का मोठा होतो.

म्हणून कुंडाचा तळ सांभाळायचा म्हणजे काँक्रीट आणखी कडक करायचं, एवढ्यावर काम भागत नाही. सांध्यात पाणी अडवणारी पट्टी धड असली पाहिजे. सळया वरवरच्या पोपडा धरलेल्या खडकात नाही, तर खालच्या पक्क्या खडकात पुरेशा खोल गेल्या पाहिजेत. पुढचा स्लॅब मागच्यापेक्षा वर राहण्यापेक्षा किंचित खाली राहिलेला परवडतो. आणि पोटाखाली शिरलेलं पाणी बाहेर काढायला नळ्या लागतात. त्या नळ्यांचं तोंड मात्र उसळीच्या धुमश्चक्रीत उघडलं, तर पाणी बाहेर जाण्याऐवजी त्यांच्याच वाटेने दाब आत येतो. निचऱ्याची मोरी चोरवाट व्हायला वेळ लागत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातलं ओरोव्हिल धरण या बाबतीत सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि ते साहजिक आहे. २३५ मीटर उंचीचं, त्या देशातलं सगळ्यात उंच धरण. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी मुख्य सांडव्यातून ५२,५०० क्युसेक पाणी चालू असताना उतरणीच्या मधोमध खड्डा पडला. याहून कितीतरी जास्त पाणी त्या सांडव्याने पूर्वी बिनतक्रार वाहून नेलं होतं. चौकशीत निघालं ते असं: स्लॅबखालच्या निचऱ्याच्या नळ्यांवर काँक्रीट पातळ होतं, तिथेच तडे गेलेले होते, तड्यांतून पाणी पोटाखाली जात होतं, आणि खाली काही ठिकाणी पक्का खडक नसून कुजकट, मातीसारखा झालेला खडक होता. तडे बुजवण्याची कामं पूर्वी झाली होती. वर मलम लागलं होतं, आत जखम तशीच होती.

खरा घोळ त्यानंतर झाला. मुख्य सांडवा वाचवायला विसर्ग कमी केला, तलाव भरला, आणि १९६८ मध्ये धरण पूर्ण झाल्यापासून पहिल्यांदाच पाणी आपत्कालीन सांडव्यावरून गेलं. हा सांडवा म्हणजे वर काँक्रीटची भिंत आणि खाली उघडी टेकडी. त्यावरून गेलेलं पाणी जास्तीत जास्त १२,६०० क्युसेक होतं, मुख्य सांडव्याच्या मानाने किरकोळ. पण टेकडीवरची माती आणि कुजका खडक ढासळायला लागला, आणि त्यातली घळ खालून वर, भिंतीच्या पायाकडे सरकायला लागली. पाण्याची घळ नेहमी अशीच मागे चालत येते, उगमाकडे. भिंत पडली असती तर तलावाचं पाणी अनावर सुटलं असतं. १२ फेब्रुवारीला सुमारे १,८८,००० लोकांना घरं सोडायला सांगितलं. शेवटी फुटक्या मुख्य सांडव्यातूनच १,००,००० क्युसेक सोडून तलाव उतरवला. दुरुस्तीचा खर्च १०० कोटी डॉलरच्या वर गेला. आता त्या आपत्कालीन सांडव्याखाली काँक्रीटची पायऱ्यापायऱ्यांची फरशी आहे आणि जमिनीत उतरवलेली भिंतही.

पाणी दूर फेकून देणं

दरी अरुंद असेल, धरण उंच असेल आणि खडक चांगला असेल, तर कुंडाच्या फंदात न पडता दुसरी वाट घेतात. सांडव्याचं शेवटचं टोक वर वळवायचं, बर्फावरून घसरत येऊन उडी मारणाऱ्या खेळाडूच्या उतरणीसारखं. त्याला स्की-जंप बकेट म्हणतात. धार हवेत उडते, फाटते, हवा घेते, आणि धरणापासून लांब जाऊन पडते. हवेत थोडी ऊर्जा जिरते, पण बहुतेक तशीच खाली येते. इथे तळ वाचवायचा नसतोच. खड्डा पडणार हे धरूनच चालायचं, फक्त तो धरणाच्या पायापासून लांब पडावा.

खड्डा किती खोल जाईल, याची जुनी सूत्रं आहेत. व्हेरोनेसे यांचं १९३७चं सूत्र अजून पहिल्या अंदाजासाठी वापरतात. प्रत्येक मीटर रुंदीला सेकंदाला २० घनमीटर पाणी ५० मीटर उंचीवरून पडत असेल, तर ते सूत्र म्हणतं, पाण्याच्या पृष्ठभागापासून साधारण २३ मीटर खोल. या सूत्रात खडकाचा उल्लेखच नाही, हे लक्षात घ्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की डोह पुरेसा खोल झाला की धार आतल्या पाण्यातच विरते आणि तळाला पोचेपर्यंत तिच्यात जोर उरत नाही. पाण्याची गादी जाड झाली की खोदकाम आपोआप थांबतं.

तिथपर्यंत पोचायला किती पावसाळे लागतील, हे मात्र खडक ठरवतो. आणि इथेही तोच उचलण्याचा खेळ आहे. धार डोहात घुसते, तळाच्या खडकातल्या फटींत दाबाचे झटके मारते. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठात झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की एका बाजूने बंद असलेल्या फटीत हे झटके नुसते पोचत नाहीत, आत घुमून वाढतात, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की आवाज घुमतो तसे. त्याने फट आणखी चिरत जाते. एक फट दुसरीला मिळाली की मधला तुकडा मोकळा झाला, आणि मोकळा तुकडा पाणी उचलून डोहाबाहेर फेकतं. म्हणून खडक किती टणक आहे, यापेक्षा तो किती तुकड्यांत विभागलेला आहे, हे पुष्कळदा जास्त महत्त्वाचं ठरतं. जॉर्ज अ‍ॅनानडेल यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत खडकाला गुण देताना ताकदीबरोबर तुकड्यांचा आकार, फटींचा खरखरीतपणा आणि त्यांचा कल हे सगळं धरतात. हातोडीला दाद न देणारा, पण वीतवीतभर अंतरावर चिरलेला खडक विटांच्या कोरड्या रचाईसारखा निसटतो.

झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर झांबेझी नदीवरचं करिबा धरण १९५९ मध्ये पूर्ण झालं. १२८ मीटर उंचीची कमान. तिच्यातल्या सहा दरवाजांतून पाणी थेट खाली डोहात पडतं. पुढच्या काही दशकांत तिथे मूळ तळाच्या खाली ८० मीटरच्या आसपास खड्डा पडला. नुसत्या खोलीची एवढी भीती नव्हती. खड्ड्याची मागची बाजू धरणाच्या पायाकडे सरकण्याची शक्यता होती. त्यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. खड्डा बुजवायचा नाही, उलट आणखी खोदायचा. खालच्या अंगाला तात्पुरता बांध घालून डोह कोरडा करायचा आणि खडक तोडून त्याला नदीच्या दिशेने पसरट आकार द्यायचा. म्हणजे धारेला फिरायला जागा मिळते, आणि तिचा मार मागच्या भिंतीवर न बसता पुढे पसरतो.

नवी उंच धरणं बांधताना आता हे आधीच करतात. पाण्याने खोदण्याआधी आपणच डोह खोदायचा. चीनमधल्या अर्तान या २४० मीटर उंच कमानी धरणाखाली तर डोहाला काँक्रीटचं अस्तर आहे आणि पुढे छोटं दुय्यम धरण घालून पाण्याची गादी कायम ठेवली आहे.

दरवाजे कोण, कसे उघडतो

इतकं सगळं बांधून झाल्यावर तळाचं नशीब पुष्कळसं दरवाजे उघडणाऱ्याच्या हातात असतं. समजा आठ दरवाजे आहेत आणि पाणी थोडंच सोडायचं आहे. चार पूर्ण उघडले किंवा आठही अर्धे उघडले, विसर्ग तोच. खाली मात्र परिणाम सारखा नसतो, कारण चारच दरवाजांतून सोडलं की तेच पाणी निम्म्या रुंदीत येतं. व्हेरोनेसे यांच्याच सूत्राने बघितलं तर मीटरमागे विसर्ग दुप्पट झाला की खड्डा जवळपास दीडपट खोल जातो. २३चे ३३ मीटर होतात.

कुंडात आणखी एक भानगड होते. एका बाजूचे दरवाजे उघडे आणि दुसऱ्या बाजूचे बंद असले की बंद बाजूने पाणी उलटं, नदीकडून कुंडात फिरतं. येताना तळातले गोटे घेऊन येतं. एकदा आत आलेले गोटे बाहेर जात नाहीत. ते आतच गरगर फिरतात, आणि जात्यासारखं काँक्रीट दळतात. नदीच्या खडकात रांजणखळगे होतात ते याच रीतीने, फक्त तिथे हजारो वर्षं लागतात आणि इथे काही मोसम पुरतात. अमेरिकेतल्या ड्वोरशाक धरणाचं कुंड असंच आतून दळलं गेलं होतं. ‘घासणं किरकोळ’ असं मी सुरुवातीला म्हणालो, त्याला हा अपवाद. बांधकामानंतर कुंडात राहिलेल्या सळयांचे तुकडे, दगड, फळ्या हेही तेच काम करतात. त्यामुळे पहिलं पाणी सोडण्याआधी कुंड झाडून काढणं हे वाटतं तितकं क्षुल्लक काम नाही.

कुंडाच्या पुढे

कुंडातून निघालेलं पाणी सावकाश असलं तरी ते अजून अस्वस्थ असतं, भोवरे घेऊन चाललेलं. म्हणून उंबऱ्यापुढे काही अंतर मोठ्या दगडांचं पिचिंग करतात. दगड केवढा घ्यायचा? वेग सेकंदाला ४ मीटर आणि पाणी खवळलेलं असेल तर साधारण ०.६७ मीटर व्यासाचा, चारशे किलोंच्या वर. आता वेग दुप्पट, ८ मीटर, झाला तर? दगड दुप्पट नाही, चौपट व्यासाचा लागतो, आणि वजनाने ६४ पट. सव्वीस-सत्तावीस टनांचा. इतके मोठे दगड आणायचे कुठून आणि रचायचे कसे? म्हणून पिचिंगने वेगाशी लढायचं नसतं. वेग आधीच कुंडाने मोडलेला असावा लागतो.

पिचिंग फसतं तेही बहुतेक वेळा खालून. दगडांच्या फटींतून खालची माती, वाळू हळूहळू चोखली जाते आणि वरचे दगड जागच्या जागी खचतात. दगडांखाली खडीचा गाळणीसारखा थर किंवा जिओटेक्स्टाइल कापड नसेल, तर वरचे दगड कितीही जड असले तरी उपयोग नाही.

पुरानंतरची पाहणी

पूर ओसरला की कुंड बघावं लागतं, आणि ते बघणं अवघड असतं, कारण त्यात पाणी उभं असतं. पाणबुडे उतरतात, पण गढूळ पाण्यात त्यांनाही डोळ्यांपेक्षा हातांवर जास्त भिस्त ठेवावी लागते. सोनारने, म्हणजे पाण्यात आवाजाच्या लाटा सोडणाऱ्या यंत्राने, तळाचा नकाशा काढता येतो आणि मागच्या वर्षीच्या नकाशावर ठेवून कुठे किती खचलं ते दिसतं. पण स्लॅबच्या पोटाखालची पोकळी सोनारला दिसत नाही.

त्यासाठी अधूनमधून कुंड उपसून कोरडं करावं लागतं. मग दोन-तीन माणसं सांध्यांवरून सावकाश चालत जातात. एकाच्या हातात पट्टी, ती सांध्यावर आडवी ठेवून पुढची कड वर आहे का बघायची. निचऱ्याच्या नळ्यांतून येणारं पाणी स्वच्छ की गढूळ, ते बाटलीत धरून उजेडात बघायचं, कारण गढूळ असलं तर खालची माती त्याच्याबरोबर निघून चालली आहे. दुसऱ्याच्या हातात हातोडी किंवा पहार. दर हातभर अंतरावर ठोकत जायचं. ठण् आवाज आला की पुढे. ढब् असा आवाज आला की थांबून तिथे खडूने गोल काढायचा, आणि त्या गोलाच्या आजूबाजूला पुन्हा ठोकत सुटायचं, पोकळी कुठवर गेली आहे ते कळेपर्यंत.